टिनाच्या शेडखालची बॅटरी

दोन वर्षांपूर्वी माझ्या भाच्याने कॅम्पिंगचा ट्रेलर बनवून घेतला. आत दोन बर्थ, मागे ओटा, ओट्याखाली पाच किलोचं सिलिंडर आणि पुढच्या पेटीत १०० अँपिअर-तासाची लेड-ॲसिड बॅटरी. हिवाळाभर पेंचच्या बाजूला मस्त फेऱ्या झाल्या. एप्रिल लागला तसं फिरायचं कोणी नाव काढेना, जुलैपासून जंगल बंद. ट्रेलर बेसा रोडवर टिनाच्या शेडखाली उभा राहिला. सप्टेंबरच्या शेवटी दार उघडून बटण दाबलं, दिवा पेटेना. मल्टिमीटरवर आकडा आला १०.२ व्होल्ट. टर्मिनलवर हिरवट-पांढरा भुगा.

"मामा, पुस्तिकेत तर हिवाळ्यात बॅटरी काढून ठेवा असं लिहिलंय. आपण तर हिवाळ्यातच फिरलो!"

पुस्तिका बर्फाच्या देशात लिहिलेली. तिथे गाडी थंडीत उभी असते आणि भीती गोठण्याची असते. पूर्ण चार्ज बॅटरीतलं आम्ल उणे ६० अंशांच्या आसपास गोठतं. बॅटरी उतरली की आम्लातला सल्फेट प्लेटांवर जाऊन बसतो, मागे बहुतेक पाणीच उरतं आणि ते उणे ७ च्या सुमारास गोठून डबा फोडू शकतं. नागपुरात डिसेंबर २०१८ मध्ये पारा ३.५ पर्यंत उतरला तेव्हा आपण शेकोट्या पेटवल्या, पण बॅटरीला ती थंडी मानवणारीच होती.

आपल्याकडे बॅटरी खातो तो उन्हाळा. कोणतीही बॅटरी काही न जोडताही आतल्या आत उतरत असते. पंचवीस अंशांना महिन्याला तीन ते पाच टक्के. तापमान दहा अंशांनी वाढलं की हा वेग साधारण दुप्पट होतो. टिनाखालच्या पेटीत मे महिन्याच्या दुपारी ४५ अंश काही नवल नाही, म्हणजे चौपट. वर पाणी आटतं, प्लेटांची जाळी गंजते. उतरलेल्या प्लेटांवर लेड सल्फेटचे बारीक कण असतात, ते चार्ज करताना परत विरघळतात. तसेच महिनोन् महिने पडून राहिले तर मोठे कडक खडे होतात आणि मग चार्जरला दाद देत नाहीत. बॅटरीवाला "प्लेटा बसल्या" म्हणतो, ते हेच.

पण खरा चोर दुसराच निघाला. गॅस गळतीचा अलार्म! मेन स्विच बंद होता, मात्र अलार्मची वायर थेट बॅटरीला जोडलेली. मोजला तर ३० मिलिअँपिअर. एवढासा दिसतो, पण दिवसाला ०.७२ अँपिअर-तास. शंभराची बॅटरी १३९ दिवसांत रिकामी. एप्रिलच्या पहिल्या तारखेपासून बोटं मोजा, ऑगस्टचा मध्य येतो. उन्हाने खाल्लं ते वेगळंच.

म्हणून गाडी उभी करताना केबलच काढावी, आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह. क्रम उगाच नाही. निगेटिव्ह बहुधा चॅसीला जोडलेली असते. ती तशीच ठेवून पॉझिटिव्हचा नट सोडवताना पाना पत्र्याला टेकला, की शॉर्ट होऊन शेकडो अँपिअर वाहतात आणि पाना लाल होतो. लावताना उलटं, निगेटिव्ह शेवटी.

चार्ज होताना, विशेषतः शेवटी शेवटी, बॅटरीतून हायड्रोजन निघतो. हवेत चार टक्के झाला की ठिणगी पुरते. तो हलका, छताशी जमतो. सिलिंडरमधला गॅस जड, फरशीवर पसरतो. एवढ्याशा ट्रेलरमध्ये दोन्ही नांदतात, म्हणून जाळी वरही हवी आणि खालीही. डिस्टिल्ड वॉटर चार्ज झाल्यावर भरायचं. आधीच काठोकाठ भरलं तर चार्ज होताना आम्ल बाहेर उतू येतं. प्लेटा उघड्या पडल्या असतील तरच आधी त्या बुडतील एवढं घालावं. नळाचं पाणी कधीच नको, त्यातले क्षार प्लेटांना बाधतात. फरशीवर ठेवली की बॅटरी उतरते हा समज मात्र जुन्या लाकडी डब्यांच्या काळातला. आजच्या प्लास्टिकच्या डब्याला फरशीचं काही देणंघेणं नाही.

भाचा आता लिथियम आयर्न फॉस्फेटची घ्यायची म्हणतो. १९९७ साली टेक्सासमध्ये जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून पुढे आलेलं हे रसायन इतर लिथियम बॅटऱ्यांपेक्षा तापल्यावर शांत राहतं. लेड-ॲसिड पूर्ण भरून ठेवतात, हिची साठवण उलटी, पूर्ण भरून ठेवायची नाही, निम्म्यावर ठेवायची. शून्याखाली चार्ज करायची नाही, कारण तेव्हा लिथियम आत शिरण्याऐवजी इलेक्ट्रोडवर धातू होऊन साचतो. नागपुरात ती वेळ येणार नाही. पण गडी स्पितीला जायचं बोलतोय, म्हणून सांगून ठेवलं.

तोवर नवी लेड-ॲसिडच बसवली. या उन्हाळ्यात ती आमच्या उत्तरेकडच्या गॅलरीत, कूलरच्या पलीकडे स्टुलावर होती. महिन्यातून एकदा मल्टिमीटर लावायचा. पूर्ण भरलेली १२.६ च्या वर दाखवते, १२.४ खाली गेली की चार्जर. जूनमध्ये १२.३८ दिसलं, रात्रभर लावली. काल १२.६१ होती.