उंचावरील डायव्हिंग आणि श्वसनवायूंच्या मर्यादा

समुद्रसपाटीपासून साधारण ३०० मीटरपेक्षा उंचावर असलेल्या जलाशयांत स्कूबा डायव्हिंग करताना श्वसनवायूंच्या मर्यादा नव्याने मोजाव्या लागतात. एरवी त्या मीटरमध्ये पाठ केल्या जातात, पण शरीराला मीटर कळत नाहीत. कळतो तो दाब. समुद्रकाठी हवेचा दाब सुमारे १ बार असतो, ३,००० मीटरवर ०.७ बार, तर पेरू-बोलिव्हिया सीमेवरच्या टिटिकाका सरोवरावर (सुमारे ३,८१० मीटर) जेमतेम ०.६३ बार. फ्रेंच समुद्रसंशोधक झाक कुस्तो यांच्या चमूने १९६८ मध्ये तिथे बुड्या मारल्या होत्या.

ऑक्सिजनच्या आंशिक दाबाची, म्हणजे मिश्रणातल्या एकट्या ऑक्सिजनच्या वाट्याच्या दाबाची, रूढ कमाल मर्यादा १.४ बार. ३२ टक्के ऑक्सिजनच्या नायट्रॉक्सने (ऑक्सिजन वाढवलेल्या हवेने) ती समुद्रात सुमारे ३३ मीटरवर गाठली जाते. ३,००० मीटर उंचीवरच्या गोड्या पाण्यात तीच मर्यादा ३७ मीटरच्याही खाली सरकते, कारण डोक्यावरची हवा हलकी असते आणि गोडे पाणीही खाऱ्यापेक्षा थोडे हलकेच.

ही सवलत फसवी आहे. वर येताना शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडतो, आणि तेव्हा प्रश्न तळाच्या व पृष्ठभागाच्या दाबांच्या गुणोत्तराचा असतो. पृष्ठभागावर ०.७ बार दाब असताना ३० मीटरची बुडी डीकम्प्रेशनच्या (वर येताना दाब उतरण्याच्या) हिशेबाने समुद्रातल्या सुमारे ४२ मीटरइतकी भारी पडते. म्हणजे ऑक्सिजन खोल जाऊ देतो, पण नायट्रोजन अडवतो. नियोजनात नायट्रोजनचेच ऐकावे लागते.

कमी ऑक्सिजनच्या मिश्रणांत धोका उलट्या टोकाला, पाण्याच्या पृष्ठभागाशी असतो. १६ टक्के ऑक्सिजनचे हीलियम मिश्रण समुद्रकाठी कसेबसे चालते; ०.७ बारमध्ये त्याचा आंशिक दाब ०.११ बार भरतो आणि पाण्यात शिरण्याआधीच शुद्ध हरपू शकते.

रीब्रीदर (सोडलेला श्वास शुद्ध करून पुन्हा पुरवणारे उपकरण) वापरणाऱ्यांची अडचण आणखी वेगळी. उपकरण ०.७ बार ऑक्सिजनवर लावले असेल, तर टिटिकाकाच्या काठावर शुद्ध ऑक्सिजन भरूनही आकडा ०.६३ च्या पुढे जात नाही. झडप मात्र टकटक करत वायू सोडतच राहते. त्यातही ऑक्सिजन सेन्सरचे कॅलिब्रेशन (आकडा जुळवणे) तिथला दाब १ बार धरून केले, तर पडद्यावर १.४ दिसत असताना प्रत्यक्षात ०.९ च्याही आतच असतो.