नेट आलं म्हणजे शहरांमधली कमाईची दरी मिटते का?

"आता सगळीकडे नेट पोहोचलं, धुळे-नंदुरबार आणि पुणे-मुंबईच्या कमाईतला फरक आपोआप मिटणार," असा मजकूर वर्षानुवर्षं फिरतोय. पटण्यासारखाच आहे, आणि अर्धा खराही.

रावेरचा केळी उत्पादक आज बांधावर उभा राहून मोबाइलवर क्विंटलचा भाव बघतो. व्यापाऱ्याशी बोलताना हे मोठं बळ आहे. पण माल कापणीला आला की फार थांबता येत नाही. गाडी, मजूर, शीतगृह हाताशी नसेल तर भाव माहीत असूनही मिळेल तो दर घ्यावा लागतो.

शहरांचंही तसंच. पुण्यात कुशल माणसं, कंपन्या आणि भांडवल आधीच एका जागी आहे, म्हणून तिथल्या केबलवरून परदेशातलं काम येतं. धुळ्यात तीच केबल आली, तरी इथली शिकलेली मुलं नोकरीसाठी पुण्याची गाडी धरतात. म्हणजे नेटमुळे दरी वाढूही शकते.

हे घरबसल्या तपासता येतं. राज्याच्या आर्थिक पाहणीत जिल्हावार दरडोई उत्पन्न छापतात. मोबाइल डेटा २०१६ नंतर स्वस्त झाला, म्हणून त्याआधीचं एक वर्ष आणि अलीकडचं एक वर्ष घ्या. पुण्याच्या आकड्याला नंदुरबारच्या आकड्याने भागा. नुसती वजाबाकी करू नका. महागाईने तो फरक फुगतो. भागाकार कमी झाला तर दरी घटली. तरी श्रेय लगेच नेटला देऊ नका, त्या वर्षीचा पाऊस आणि कापसाचा भावही बघा.