कुत्रा-मांजर घेऊन हवाईला जायचंय? आधी तारखा बघा

अमेरिकेत मेनलँडवरून, म्हणजे मुख्य भूमीवरून, हवाईला बदली झाली की आपली माणसं आधी घर शोधतात, मग सामानाचं बघतात आणि कुत्र्याचं शेवटी आठवतं, खरं तर सुरुवात तिथूनच करायला पाहिजे. हवाई हे अमेरिकेतलं रेबीज नसलेलं एकमेव राज्य आहे, त्यामुळे तयारीशिवाय नेलेलं जनावर १२० दिवसांपर्यंत क्वारंटाइनमध्ये बसतं, खर्च हजार डॉलरच्या वर. कागद चोख असले तर त्याच दिवशी होनोलुलू एअरपोर्टवरून घरी, फी दोनशेच्या आतबाहेर.

आधी मायक्रोचिप. मग रेबीजच्या किमान दोन लसी, मध्ये ३० दिवस तरी हवेत, आणि शेवटची लस पोचायच्या दिवशी संपलेली नको. मग रक्ताची एफएव्हीएन टेस्ट, म्हणजे लसीने रेबीजविरुद्ध पुरेशा अँटिबॉडी तयार झाल्यात का ते बघणारी, त्यात ०.५ (आययू/मिली) किंवा जास्त यायला हवं. बहुतेक लोक गंडतात ते इथे, कारण टेस्टनंतर हवाईला पोचण्याआधी जे ३० दिवस थांबायचं असतं ते रक्त काढल्यापासून मोजायचे नसतात, लॅबला सॅम्पल मिळाल्यापासून मोजायचे असतात, त्यामुळे कुरियर लेट झालं की तुमचं तिकीटही पुढे ढकला. आणि रक्त काढताना डॉक्टरला समोरच चिप स्कॅन करून नंबर फॉर्मवर लिहायला सांगा, पाठ आहे म्हणाले तरी.

कागदपत्रं म्हणजे एक्यूएस-२७९ (हवाईच्या प्राणी क्वारंटाइन खात्याचा फॉर्म), दोन्ही लसींची सर्टिफिकेटं आणि फी, हे सगळं त्या खात्याकडे किमान १० दिवस आधी पोचतं करायचं. हेल्थ सर्टिफिकेट मात्र पोचायच्या आधीच्या १४ दिवसांतलंच, त्यावर गोचिडाचं औषध कुठलं आणि कधी लावलं ते लिहिलेलं हवं. रिव्होल्यूशन नावाचं औषध चालत नाही, फिप्रोनिल हा घटक असलेलं घ्या.

भारतात लस टोचलेला कुत्रा थेट होनोलुलूला उतरवता येत नाही. सीडीसीच्या (अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेच्या) यादीत भारत रेबीजचा हाय रिस्क देश आहे, त्यामुळे आधी लॉस एंजेलिससारख्या ठरलेल्या एअरपोर्टवर उतरून तिथले सोपस्कार करा, मग हवाईचे.

हॅमस्टर, जर्बिल (उंदरासारखे पाळीव प्राणी) आणि फेरेट (मुंगसासारखा पाळीव प्राणी) यांना हवाईत बंदी, आणि साप तर विचारूच नका, दंड २ लाख डॉलरपर्यंत आणि जेलसुद्धा. एवढे कडक का, तर हात पोळलेत त्यांचे. १८८३ मध्ये ऊसमळेवाल्यांनी उंदीर मारायला मुंगूस आणलं, मूळ आपल्याकडचंच, जमैकामार्गे गेलेलं. मुंगूस फिरतं दिवसा, उंदीर रात्री, मग काय, उंदीर तसेच राहिले आणि जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडी मात्र फस्त झाली!

फ्लाइट सकाळची किंवा दुपारी लवकर पोचणारी घ्या, संध्याकाळी तपासणी बंद झाली की रात्रभर पिंजऱ्यात. होनोलुलूऐवजी कोना, माउई किंवा कवाई या हवाईतल्याच दुसऱ्या ठिकाणी थेट उतरायचं असेल तर वेगळं परमिट लागतं, तेही आधीच काढून ठेवा.