सॅलरीतलं मीठ

महिनाअखेर जवळ आली की मोबाइलवर एक निरोप फिरू लागतो: रोमन सैनिकांना पगारात मीठ मिळायचं, म्हणून पगाराला सॅलरी म्हणतात. यातलं अर्धंच खरं आहे.

खरं ते आधी. लॅटिनमध्ये मीठ म्हणजे ‘साल’. त्यावरून ‘सालारिअस’, म्हणजे मिठासंबंधीचं, आणि पुढे ‘सालारियम’, म्हणजे रोमन साम्राज्यात अधिकाऱ्यांना मिळणारा भत्ता. फ्रेंचमार्गे हा शब्द इंग्रजीत पोचला. सॅलड, सॉस, सलामी याच घराण्यातले. सालारियम हे नाव मिठावरून पडलं, असं रोमन लेखक प्लिनीने इ.स. 77 च्या सुमारास लिहून ठेवलंय. पण सैनिकांच्या पदरात मीठ मोजून घातलं, असं त्याने कुठेही म्हटलेलं नाही. सैनिकाच्या पगाराला शब्दच वेगळा होता: ‘स्टिपेंडियम’. ‘स्टिप्स’ म्हणजे नाणं, ‘पेंडेरे’ म्हणजे तोलणं. शिकाऊ डॉक्टरांचं स्टायपेंड ते हेच.

आता पगार मिठात दिला असता तर किती मीठ झालं असतं, याचा हिशेब करू. इ.स.पू. 204 मध्ये रोम शहरात मीठ एक षष्ठांश ‘आस’ला (आस म्हणजे रोमन तांब्याचं नाणं) मिळे, असं रोमन इतिहासकार लिव्ही सांगतो. माप तो देत नाही, ते पौंडभर धरू. पुढच्या शतकातला ग्रीक इतिहासकार पॉलिबियस पायदळाच्या शिपायाचा पगार देतो: रोज दोन ओबोल (ग्रीक नाणी), म्हणजे रोमन चांदीच्या नाण्याचा, डेनारियसचा, एक तृतीयांश. डेनारियसचे जुन्या दराने 10 आस धरले, तर दिवसाला तीन आसांहून थोडे जास्त. त्यात 20 पौंड मीठ येतं! रोमन पौंड सुमारे 327 ग्रॅमचा. म्हणजे रोज साडेसहा किलो, महिन्याला जवळजवळ 200 किलो. दोन्ही आकडे एकाच वर्षाचे नाहीत, हे मान्य. पण मधल्या काळात भाव दहापट चढला असं धरलं तरी रोजचे 650 ग्रॅम होतात, आणि माणसाला दिवसाला 5 ग्रॅम पुष्कळ झाले.

समुद्राकाठी मीठ स्वस्तच पडतं. टायबर नदीच्या मुखाशी रोमची मिठागरं होती, तशीच ठाण्याच्या खाडीकाठी आपली. कोपरीतल्या रस्त्याचं नाव आजही मीठबंदर रोड आहे, आणि आगरात राबणारा तो आगरी. लिटरभर समुद्राच्या पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात, त्यात खायचं मीठ 27 ग्रॅम. भरतीचं पाणी आत घेऊन ते एका वाफ्यातून दुसऱ्यात सरकवत आटवतात. आधी चुन्याचे क्षार तळाला बसतात, मग जिप्सम. पाण्याचा दाटपणा मोजणाऱ्या बोमे मापकावर समुद्राचं पाणी तीन-साडेतीन अंश दाखवतं. 25 अंशांच्या आसपास, म्हणजे मूळ पाण्याचा दहावा हिस्सा उरल्यावर, मीठ पडू लागतं. त्याआधीच पाणी शेवटच्या वाफ्यात सोडलं तर मिठात जिप्सम मिसळतो. उलट 29-30 अंशांच्या पुढे आटू दिलं, तर मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. मीठ कडवट होतं आणि हवेतली ओल ओढून पाझरतं. म्हणून उरलेलं कडू पाणी वेळेत सोडून द्यावं लागतं. अवकाळी सर आली की वाफ्यातलं मीठ पुन्हा पाण्यात. मेहनत मोठी, पण कच्चा माल आणि इंधन, म्हणजे समुद्र आणि ऊन, दोन्ही फुकट.

उच्चार जुळला की शब्दांचं गोत्र जुळलं, अशा थाटात इंग्रजी शब्द संस्कृतातून आल्याचे दाखलेही त्या सॅलरीच्या निरोपासारखेच फिरत असतात. ते तपासल्याशिवाय पुढे पाठवू नयेत. शब्द किती वळणं घेतो ते घरातच पाहा: आपलं ‘मीठ’ आलं संस्कृत ‘मिष्ट’वरून, म्हणजे गोडावरून!

आणि ‘पगार’? तो पोर्तुगीज ‘पगार’, म्हणजे पैसे चुकते करणं. त्याच्या मुळाशी लॅटिन ‘पाकारे’, शांत करणं. सावकाराचे पैसे देऊन त्याला शांत करायचं, अशा वाटेने अर्थ बदलला. इंग्रजी ‘पे’ त्याचाच भाऊ. ठाणं 1737 पर्यंत पोर्तुगीजांकडे होतं, वसई 1739 पर्यंत. ते गेले, पण त्यांची चावी, पाव, बटाटा राहिले, तसा पगारही राहिला.