टेक्सासच्या पब्लिक हायस्कूलच्या संघातून खेळायचं तर: पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाचा क्रम

अमेरिकेत शाळांच्या खेळांचे नियम केंद्र सरकार ठरवत नाही. प्रत्येक राज्याची स्वतःची क्रीडा संघटना आहे आणि कोण खेळू शकतो हे तिच्या नियमांवर ठरतं. टेक्सासमध्ये ही संघटना म्हणजे युनिव्हर्सिटी इंटरस्कोलॅस्टिक लीग, अर्थात यूआयएल. ती १९१० पासून ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाच्या छत्राखाली चालते. भारतातून थेट नववी ते बारावीच्या वर्गात येणाऱ्या मुलांची गाडी बहुतेकदा खेळापाशी अडत नाही, कागदांपाशी अडते. म्हणून ही माहिती त्या पालकांना समोर ठेवून लिहिली आहे. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सीतले मोठे फरक शेवटाकडे दिले आहेत.

आधी खेळ कोणते ते बघून घ्या. यूआयएलच्या यादीत फुटबॉल (म्हणजे अमेरिकन फुटबॉल), व्हॉलीबॉल, क्रॉस कंट्री, बास्केटबॉल, सॉकर, रेसलिंग, पोहणे व डायव्हिंग, टेनिस, गोल्फ, बेसबॉल, सॉफ्टबॉल, ट्रॅक अँड फील्ड आणि अलीकडे वॉटर पोलो आहे. क्रिकेट, बॅडमिंटन आणि हॉकी नाही. बॅडमिंटन कॅलिफोर्नियात शाळेचा खेळ आहे आणि न्यूयॉर्क शहराच्या पब्लिक शाळांत २००८ पासून क्रिकेटची लीग चालते. टेक्सासमध्ये मात्र हे खेळ क्लबात जाऊनच खेळावे लागतात. हंगामही ठरलेले आहेत: फुटबॉल, व्हॉलीबॉल, क्रॉस कंट्री आणि सांघिक टेनिसचा सराव ऑगस्टच्या सुरुवातीलाच चालू होतो, सॉकरचे सामने जानेवारीत, ट्रॅक वसंतात. ऑगस्टच्या मध्यावर विमानातून उतरलेल्या मुलाचा पहिला हंगाम बहुधा हुकलेलाच असतो.

पात्रतेच्या अटी

वयाची अट सोपी आहे. त्या शैक्षणिक वर्षाच्या १ सप्टेंबरला किंवा त्याआधी १९ वर्षं पूर्ण झाली असतील तर खेळता येत नाही. बारावी पूर्ण करून आलेल्यालाही नाही, वय कमी असलं तरी.

खरी मेख चार वर्षांच्या नियमात आहे. मुलाने नववीत पहिल्यांदा प्रवेश घेतल्यापासून चार वर्षं आणि दहावीत पहिल्यांदा प्रवेश घेतल्यापासून तीन वर्षं, एवढीच खेळण्याची मुदत मिळते. ही नववी पुण्यात सुरू झाली की टेक्सासमधल्या प्लेनोत, याने फरक पडत नाही. समजा मुलगा जून २०२४ मध्ये नाशिकला नववीत गेला, वर्ष पूर्ण केलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये टेक्सासला आला. इथल्या समुपदेशकाने, किंवा 'इंग्रजी पक्कं होईल' म्हणून पालकांनीच, त्याला पुन्हा नववीत बसवलं. तो पदवीधर होईल २०२९ मध्ये, पण त्याचं घड्याळ २०२८ च्या उन्हाळ्यात थांबेल. म्हणजे बारावीचं वर्ष, ज्या वर्षी कॉलेजचे कोच बघायला येतात, ते प्रेक्षकांत बसून काढावं लागेल. मुलगा गंभीरपणे खेळत असेल तर वर्ग मागे घेण्याचा निर्णय हे गणित मांडल्याशिवाय घेऊ नका. प्रवेशाच्या टेबलावर हे कुणी आपणहून सांगत नाही, कारण प्रवेश आणि खेळ ही दोन वेगळी ऑफिसं आहेत.

राहण्याच्या पत्त्याची अट व्हर्सिटी, म्हणजे शाळेच्या मुख्य संघासाठी, कडक आहे. मुलाने ज्या शाळेच्या हद्दीत आई-वडील खरोखर राहतात त्या शाळेकडून खेळायचं. आई-वडील भारतात आणि मुलगा ह्यूस्टनला मामाकडे, असा प्रकार असेल तर शाळेत प्रवेश कदाचित मिळेल, पण व्हर्सिटीसाठी न्यायालयाने दिलेलं पालकत्व किमान एक वर्ष जुनं असावं लागतं. नोटरीचं साधं पत्र इथे चालत नाही. ज्युनियर व्हर्सिटी आणि त्याखालच्या संघांना पत्त्याची ही अट लागत नाही, त्यामुळे वाट बघण्याचं वर्ष तिथे खेळून काढता येतं. शिवाय, शाळा सुरू झाल्यापासून मूल तिथे नसेल तर प्रवेशानंतर १५ दिवस हजेरी झाल्यावरच त्याला सामना खेळता येतो. हे दिवस सुट्ट्या धरून मोजतात.

आणि खेळासाठी शाळा बदलली असं ठरलं, तर किमान एक वर्ष व्हर्सिटी बंद. 'तिकडचा कोच चांगला आहे म्हणून घर बदललं' हे वाक्य पार्किंगमध्ये सहज बोललं जातं आणि पुढे समितीसमोर तेच उद्धृत होतं. घर बदलण्याचं खरं कारण नोकरी असेल तर नोकरीचं पत्र, नवा भाडेकरार आणि जुना करार संपल्याचा कागद एकत्र ठेवा.

गुण: पास नाही, तर खेळ नाही

१९८४ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने शिक्षण सुधारणेचा मोठा कायदा केला. त्यातली 'नो पास, नो प्ले' ही अट आजही लागू आहे. पुढच्याच वर्षी राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. शाळेच्या संघातून खेळणं हा मूलभूत हक्क नाही, असं त्याने म्हटलं. सगळ्या पात्रता नियमांचा पाया हाच आहे, त्यामुळे 'माझ्या मुलाचा हक्क डावलला' हा युक्तिवाद फारसा टिकत नाही.

अट अशी: प्रत्येक विषयात किमान ७०. सरासरी चालत नाही. गणितात ९८ आणि इतिहासात ६९ असले तरी मूल अपात्र. वर्षाच्या पहिल्या सहा आठवड्यांनंतर पहिली तपासणी होते आणि त्यापुढे प्रत्येक गुणपत्रिकेच्या कालावधीला, जो डिस्ट्रिक्टनुसार (म्हणजे शाळा-जिल्ह्यानुसार) सहा किंवा नऊ आठवड्यांचा असतो. कालावधी संपल्यावर सात दिवसांनी अपात्रता लागू होते आणि तीन शालेय आठवड्यांनंतर सगळ्या विषयांत किमान ७० असतील तर, पुन्हा सात दिवसांच्या अंतराने, उठते. मधल्या काळात सराव करता येतो, सामना नाही. गुणपत्रिकेवर 'इन्कम्प्लीट' शेरा असला तरी अपात्रच धरतात, म्हणून राहिलेली परीक्षा किंवा प्रकल्प त्या सात दिवसांतच द्यायला लावा. एपी (ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट) आणि आयबी (इंटरनॅशनल बॅकलरिएट) यांसारख्या काही प्रगत विषयांना सूट आहे, पण कोणत्या, हे डिस्ट्रिक्टच्या यादीत बघावं लागतं. वर्गाच्या नावात 'ॲडव्हान्स्ड' आहे म्हणून सूट असेलच असं नाही.

वर्षारंभाची अट याहून वेगळी आहे, आणि नव्याने आलेली मुलं इथेच अडकतात. हायस्कूलच्या दुसऱ्या वर्षी खेळायला किमान ५ क्रेडिट (विषय पूर्ण केल्यावर पदवीसाठी जमा होणारी एककं), तिसऱ्या वर्षी १० आणि चौथ्या वर्षी १५ जमा हवीत. शेवटच्या दोन वर्गांना मागच्या बारा महिन्यांत ५ मिळवली असली तरी चालतं. महाराष्ट्र बोर्डाच्या किंवा सीबीएसईच्या गुणपत्रिकेवर क्रेडिट नावाची गोष्टच नसते. शाळेचा रजिस्ट्रार ती बघून क्रेडिट बसवेपर्यंत संगणकात मुलाच्या नावापुढे शून्य दिसतं आणि कोच शून्याला खेळवू शकत नाही. त्यासाठी नववीपासूनच्या प्रत्येक वर्षाची गुणपत्रिका शाळेच्या शिक्क्यासह आणा. फक्त दहावीचं बोर्डाचं प्रमाणपत्र आणलं तर नववीची क्रेडिट राहून जातात, कारण नववीचा निकाल त्यावर नसतो. मराठी माध्यम असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडा. एखाद्या विषयाचं क्रेडिट शाळेने नाकारलं तर परीक्षा देऊन ते मिळवण्याची सोय राज्यात आहे. आधी शिकलेल्या विषयाला ७० टक्के पुरतात.

कागदपत्रं, ज्या क्रमाने लागतात त्या क्रमाने

प्रवेशासाठी जन्मदाखला किंवा पासपोर्ट, पत्त्याचा पुरावा (भाडेकरार आणि वीज-पाण्याचं बिल), शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका आणि लसीकरणाची नोंद. व्हिसाची चौकशी प्रवेशासाठी करायची नसते. याचा आधार असलेला १९८२ चा प्लायलर विरुद्ध डो हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल टेक्सासच्याच खटल्यातला. एच-४ वर (आई किंवा वडिलांच्या नोकरीच्या व्हिसासोबत मिळणाऱ्या व्हिसावर) आलेली मुलं पब्लिक शाळेत सरळ शिकतात आणि खेळतात. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर पब्लिक हायस्कूलमध्ये जास्तीत जास्त १२ महिने आणि तेही पूर्ण खर्च भरून राहता येतं, त्यामुळे 'खेळासाठी पाठवू' या बेताला हा मार्ग कामाचा नाही.

तारखांकडे नीट लक्ष द्या. भारतीय कागदावर ०७/०८/२०१० म्हणजे ७ ऑगस्ट. इथला कारकून ते ८ जुलै असं भरतो. पुढे पासपोर्ट आणि शाळेची नोंद जुळत नाही आणि वयाची तपासणी अडते. भाषांतरात महिना अक्षरांत लिहून घ्या. लसींमध्ये भारतीय कार्डावर बहुधा कमी पडतात त्या मेनिंगोकोकल, हिपॅटायटिस ए आणि कांजिण्यांचा दुसरा डोस. दोन डोसांमध्ये ठराविक अंतर लागतं, म्हणून हे काम निघण्याआधी सुरू केलेलं बरं.

यानंतर खेळाचे कागद. बहुतेक डिस्ट्रिक्ट हे ऑनलाइन भरून घेतात, पालक आणि विद्यार्थी दोघांच्या वेगवेगळ्या सह्या लागतात. यात वैद्यकीय इतिहासाचा फॉर्म दरवर्षी नव्याने भरायचा असतो. शारीरिक तपासणी, ज्याला सगळे 'फिजिकल' म्हणतात, यूआयएलच्या नियमाने हायस्कूलमधल्या पहिल्या आणि तिसऱ्या वर्षाआधी पुरते. पण बरेच डिस्ट्रिक्ट दरवर्षी मागतात, तेव्हा आपल्या डिस्ट्रिक्टचा नियम बघा. सही डॉक्टर, फिजिशियन असिस्टंट, ॲडव्हान्स्ड प्रॅक्टिस नर्स किंवा कायरोप्रॅक्टर यांचीच चालते आणि यूआयएलच्या छापील फॉर्मवरच. घरच्या डॉक्टरांनी लेटरहेडवर दिलेलं 'फिट टू प्ले' इथे रद्दी.

वैद्यकीय इतिहासात पालक सगळीकडे 'नाही' वर टिचकी मारतात, ते करू नका. दमा, व्यायाम करताना आलेली भोवळ, घराण्यात पन्नाशीच्या आत हृदयविकाराने झालेला मृत्यू हे प्रश्न उगाच नाहीत. 'हो' लिहिल्याने मूल बाद होत नाही, पुढची तपासणी लागते एवढंच. २०१९ च्या कोडीज लॉनुसार ईसीजी करून घेण्याचा पर्याय पालकांना द्यावाच लागतो; सक्ती नाही, आणि खर्च बहुधा आपला.

उरलेल्या सह्या म्हणजे डोक्याला मार, अचानक हृदय बंद पडणं, स्टेरॉइड आणि यूआयएलचे सर्वसाधारण नियम, यांची माहितीपत्रकं वाचल्याची कबुली. डोक्याच्या माराचं पत्रक मात्र खरंच वाचा. २०११ च्या नताशाज लॉनुसार असा मार लागल्याचा संशय आला की मुलाला लगेच खेळातून बाहेर काढतात आणि डॉक्टरच्या लेखी परवानगीशिवाय, पालकांच्या सहीशिवाय परत घेत नाहीत. कोचला ती परवानगी देता येत नाही.

आधीच्या शाळेच्या संघातून खेळलेल्या मुलाला पूर्वीच्या सहभागाचा फॉर्म लागतो, ज्याला कोच 'पीएपीएफ' म्हणतात. त्यात आधीच्या शाळेने भरायचा भागही असतो. जून-जुलैत तिथली शाळा ईमेलला उत्तर देईलच याचा भरवसा नसतो. मुख्याध्यापकांचा चालू ईमेल आणि फोन आधीच घेऊन ठेवा. स्पर्धेत रोख बक्षीस मिळालं असेल तर तेही ॲथलेटिक डायरेक्टरला (खेळविभागाच्या प्रमुखाला) आधी सांगा. हौशी खेळाडूच्या नियमात ते बसतं का हे शाळेने ठरवलेलं बरं, नंतर प्रतिस्पर्धी संघाने शोधून काढण्यापेक्षा. अपात्र खेळाडू खेळला तर संघाने जिंकलेला सामनाही जाऊ शकतो, त्यामुळे इतर शाळा यावर डोळा ठेवून असतात.

कागद पूर्ण झाल्याशिवाय सरावाला उभंच करत नाहीत. फुटबॉलमध्ये तर पहिले काही दिवस उन्हाची सवय व्हावी म्हणून पूर्ण पॅडशिवाय सराव होतो. उशिरा आलेल्यालाही ते दिवस काढावेच लागतात.

निवड झाल्यावर: अनेक शाळांत दिवसातला एक तास खेळाचा वर्ग म्हणून वेळापत्रकातच असतो, आणि पदवीसाठी लागणारं शारीरिक शिक्षणाचं एक क्रेडिट त्यातून मिळतं. शाळेबाहेरच्या वेळेत सरावाला आठवड्याला आठ तासांची मर्यादा आहे, सामने वेगळे. शाळेचा विमा असला तरी तो बहुधा तुमच्या विम्यानंतरचा. पाहुण्यांसाठीच्या प्रवासी विम्यात शाळेचे खेळ बऱ्याचदा वगळलेले असतात, हे तपासा.

दुसऱ्या राज्यात असाल तर

कॅलिफोर्नियात विषयवार ७० ऐवजी ४.० पैकी २.० ची सरासरी लागते, फिजिकल दरवर्षी, आणि पब्लिक शाळा खेळासाठी शुल्क घेऊ शकत नाही. न्यू जर्सीत फिजिकल पहिल्या सरावाआधीच्या ३६५ दिवसांतलं हवं. ते ९० दिवसांहून जुनं असेल तर आरोग्याची माहिती नव्याने भरावी लागते. तिथे तपासणी करणाऱ्याने हृदयतपासणीचं राज्याचं प्रशिक्षण पूर्ण केल्याचं फॉर्मवर नमूद करावं लागतं, आणि शेवटचा शब्द शाळेच्या डॉक्टरचा असतो. एडिसनमधल्या भारतीय डॉक्टरकडे जा, हरकत नाही, पण अपॉइंटमेंट घेतानाच हे प्रशिक्षण झालंय का विचारा.

अर्ज नाकारला तर

टेक्सासमध्ये शाळा बदलण्याचा वाद आधी डिस्ट्रिक्ट एक्झिक्युटिव्ह कमिटीपुढे जातो. इथे गोंधळ होतो: हा डिस्ट्रिक्ट म्हणजे तुमचा शाळा-जिल्हा नव्हे, एकमेकींशी खेळणाऱ्या शाळांचा गट. म्हणजे निकाल देणारे बहुतेक जण प्रतिस्पर्धी शाळांचे प्रतिनिधी. त्यांचा निर्णय विरोधात गेला तर राज्य समितीकडे अपील करता येतं. पत्ता आणि चार वर्षांच्या नियमातून सवलतीचा अर्ज वेगळा असतो आणि तो शाळेमार्फतच जातो. पालकांना परस्पर पाठवता येत नाही. त्यात आपल्या हाताबाहेरची परिस्थिती कागदांनी दाखवावी लागते: आजारपणाची रुग्णालयाची नोंद, बदलीचा आदेश, न्यायालयाचा हुकूम. मुलाचं खेळातलं कौशल्य किंवा जुनी पदकं जोडू नका. सवलतीच्या अर्जात ती उलटी पडतात, कारण समिती नेमकं हेच शोधत असते की हे सगळं खेळासाठी तर चाललेलं नाही ना.