पाहुणे पक्षी थंडी पाहून येत नाहीत

‘यंदा पाहुणे पक्षी लवकर आले, म्हणजे थंडी कडाक्याची पडणार’ असं ठामपणे सांगणारे लोक दरवर्षी भेटतात. या समजुतीला काहीही आधार नाही. सप्टेंबरात पुण्यात पाऊसही पुरता सरलेला नसतो, तेव्हाच करडा धोबी शेपटी हलवत पाण्याकाठी हजर होतो. हिमालयात किंवा त्याच्याही उत्तरेला तो घरटं करतो आणि निघतो तो तिथल्या दिवसांच्या हिशेबाने. आपल्या डिसेंबरचा अंदाज त्याच्यापाशी नसतो.

हे पाहुणे बघायला पुणे विद्यापीठाचं गणेशखिंडीतलं ४११ एकरांचं आवार उत्तम. थिरथिरा मोकळ्या जमिनीवर येतो, लाल छातीचा माशीमार झाडांच्या सावलीत असतो. माझा जीव मात्र हिरवट पर्णवटवट्यावर. चिमणीहून लहान, पानांच्याच रंगाचा, त्यामुळे दिसतो कमी आणि ऐकू येतो जास्त. हिवाळ्यात तो आपली ठरावीक झाडं राखतो आणि दुसरा वटवट्या आला की ओरडून हाकलतो. म्हणून एकाच झाडावरून आठवडेच्या आठवडे तीच ‘टिस्ली’ अशी हाक ऐकू आली, तर पक्षीही बहुधा तोच असतो.

निघायची वेळ त्याला कळते कशी? ५० अंश उत्तर अक्षांशावर जूनमधला दिवस सोळा तासांहून मोठा असतो, डिसेंबरमधला जेमतेम आठ तासांचा. हा फरक पक्षी मोजतात, आणि तो केवळ डोळ्यांनी नाही. १९७०च्या सुमारास मायकेल मेनाकर हे अमेरिकी जीवशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की दृष्टी गेलेल्या चिमण्यांनाही दिवस मोठा झाल्याचं कळतं आणि त्यांची जननग्रंथी वाढते. डोक्याच्या कातडीखाली काळी शाई भरली, की हा प्रतिसाद मंदावतो. म्हणजे उजेड कवटीतून आरपार जातो आणि मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातल्या पेशी तो टिपतात. दिवस मोठा झाला की त्यालगतच्या पीयूष ग्रंथीतून एक संप्रेरक सुटतं, त्यामुळे हायपोथॅलॅमसमध्ये थायरॉइड संप्रेरकाचं क्रियाशील रूप तयार होतं आणि शरीरातल्या बदलांची पुढची साखळी सुरू होते. मला पक्षीविज्ञानातला हा सगळ्यात सुंदर शोध वाटतो.

पण पुण्यात सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या दिवसात जेमतेम सव्वादोन तासांचा फरक. तिथे उजेडाची खूण बरीच फिकी पडते. इथे जर्मन पक्षीशास्त्रज्ञ एबरहार्ड ग्विनर यांचं काम उपयोगी पडतं. त्यांनी आपल्या वटवट्याचेच युरोपातले भाऊबंद कायम बारा तास उजेड, बारा तास अंधार अशा खोलीत ठेवले. ऋतूची कुठलीच खूण नसताना त्यांची पिसं वेळेवर झडली आणि स्थलांतराच्या हंगामात रात्रीची तगमगही सुरू झाली. वर्षाचं घड्याळ शरीरातच असतं. दिवसाची लांबी ते घड्याळ फक्त जुळवून देते.

त्या घड्याळाचा परिणाम आवारातही पाहता येतो. परतीच्या आधी वटवट्या जास्त खाऊ लागतो आणि गळ्याखालच्या खळगीत चरबी साठवतो. मार्च-एप्रिलमध्ये दुर्बीण घेऊन त्याच झाडांखाली पुन्हा जा आणि तो किती वेळ किडे टिपतोय, ते जानेवारीतल्या नोंदीशी ताडून पाहा.