झिर्कोनिया

झिर्कोनिया म्हणजे झिर्कोनियम डायऑक्साइड. झिर्कोनियमचा एक अणू आणि ऑक्सिजनचे दोन, एवढं साधं सूत्र असलेला हा पांढरा सिरॅमिक पदार्थ वितळायला साधारण २७०० अंश सेल्सिअस तापमान लागतं. दाताच्या कॅपपासून जेट इंजिनच्या पात्यांवरच्या लेपापर्यंत तो सगळीकडे आहे, पण नावाचा घोळ इतका की आधी तोच सोडवायला हवा, कारण सारखेच ऐकू येणारे चार शब्द आहेत आणि चौघांचे अर्थ वेगवेगळे.

झिर्कॉन हे खनिज, रासायनिक नाव झिर्कोनियम सिलिकेट, ते वाळूत सापडतं आणि रत्न म्हणूनही वापरतात. झिर्कोनियम हा धातू. झिर्कोनिया हा त्या धातूचा ऑक्साइड. आणि क्युबिक झिर्कोनिया म्हणजे त्याच ऑक्साइडचा पारदर्शक स्फटिक, जो हिऱ्यासारखा दिसतो आणि आपल्याकडे अमेरिकन डायमंड म्हणून ओळखला जातो. शेवटचं 'इया' लक्षात ठेवलं की अर्धा गोंधळ संपतो, कारण जुन्या रसायनशास्त्रात ऑक्साइडची नावं अशीच पडलीत, मॅग्नेशियमचा मॅग्नेशिया, यिट्रियमचा यिट्रिया, टायटॅनियमचा टायटॅनिया. मार्टिन क्लापरोथ या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १७८९ मध्ये श्रीलंकेहून आलेल्या झिर्कॉनमधून हा ऑक्साइड वेगळा ओळखला, आणि धातू हाती आला तो १८२४ मध्ये, बर्झेलियसकडून. म्हणजे ऑक्साइडची ओळख आधी झाली, धातूची नंतर. म्हणूनच झिर्कोनियाच्या कॅपला 'झिर्कोनियमची कॅप' म्हणणं चुकीचं आहे, ते ऐकून लोकांना वाटतं की तोंडात धातू बसवतायत, आणि तसं नसतं.

आता खरा मुद्दा. शुद्ध झिर्कोनियाची अडचण अशी की तापमानाप्रमाणे त्याच्या अणूंची मांडणी बदलते. खोलीच्या तापमानाला मोनोक्लिनिक नावाची मांडणी, साधारण ११७० अंशांच्या वर टेट्रागोनल, आणि २३७० च्या वर क्युबिक. भट्टीतून काढलेली वस्तू थंड होत हजार अंशांच्या आसपास आली की टेट्रागोनलचं मोनोक्लिनिक होतं आणि त्या क्षणी आकारमान ४ ते ५ टक्क्यांनी वाढतं, सिरॅमिकला एवढं फुगणं अजिबात झेपत नाही, वस्तू तडकून जाते. यावर उपाय म्हणून त्यात यिट्रिया, मॅग्नेशिया, कॅल्शिया किंवा सेरिया थोड्या प्रमाणात मिसळतात, मग वरच्या तापमानाची मांडणी खाली थंड झाल्यावरही टिकून राहते. याला स्टॅबिलाइज्ड झिर्कोनिया म्हणतात, आणि व्यवहारात 'झिर्कोनिया' म्हटलं की बहुतेक वेळा हाच अभिप्रेत असतो.

पण मला सगळ्यात विलक्षण वाटते ती पुढची गोष्ट. यिट्रिया अगदी बेताचाच घातला आणि कण एका मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) बारीक ठेवले, तर टेट्रागोनल मांडणी टिकते खरी पण जेमतेम, जरा धक्का लागला की बदलायला तयारच असते. अशा तुकड्यात भेग पुढे सरकायला लागली की तिच्या टोकाशी ताण पडतो, त्या ताणाने तिथलेच कण मोनोक्लिनिक होतात, फुगतात आणि भेगेला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. म्हणजे जे फुगणं अख्खी वस्तू फोडत होतं तेच आता भेग थांबवतं. गार्वी, हॅनिंक आणि पास्को यांनी १९७५ मध्ये हे मांडलं तेव्हा त्यांनी याला चक्क सिरॅमिक स्टील म्हटलं होतं. इंग्रजीतून आलेला शब्द ट्रान्सफॉर्मेशन टफनिंग, मराठीत 'रूपांतरातून येणारा चिवटपणा' म्हणता येईल. झिर्कोनियाची वाकवण्याच्या चाचणीतली ताकद १००० मेगापास्कलच्या आसपास जाते, साध्या डेंटल पोर्सेलेनची १०० च्या आसपास असते.

कागदपत्रांत ३वाय, ५वाय, ८वाय असे कोड दिसतात, त्यातला आकडा म्हणजे यिट्रियाचे मोल टक्के, म्हणजे वजनाने नाही तर रेणूंच्या संख्येने मोजलेले टक्के. ३वाय सगळ्यात मजबूत पण थोडा अपारदर्शक. ५वाय मध्ये क्युबिक भाग जास्त, त्यामुळे प्रकाश आरपार जातो, पुढच्या दातांना शोभतो, पण ताकद कमी होते. ८वाय जवळजवळ पूर्ण क्युबिक, त्याचं काम वेगळंच.

दाताचं काम जवळून पाहण्यासारखं असतं. लॅबमध्ये येते ती खडूसारखी पांढरी, अर्धवट भाजलेली चकती, इतकी मऊ की मशीन ती सहज कोरतं आणि पांढरी भुकटी उडते. कॅप मुद्दाम २० ते २५ टक्के मोठी कोरतात, कारण मग १५०० अंशांच्या आसपास भट्टीत भाजली की ती आक्रसून बरोबर मापाला येते, आणि बाहेर निघते ती इतकी कठीण की घासायला डायमंड बर (हिऱ्याचे कण बसवलेलं फिरतं टोक) लागतो. हिशोब थोडा चुकला तर कॅप बसतच नाही.

८वायचं काम ऑक्सिजनशी. दोन यिट्रियम अणू झिर्कोनियमच्या जागी बसले की ऑक्सिजनची एक जागा रिकामी राहते, आणि तापवल्यावर ऑक्सिजनचे आयन त्या रिकाम्या जागांतून उड्या मारत पुढे जातात. सॉलिड ऑक्साइड फ्युएल सेल, म्हणजे इंधनापासून थेट वीज बनवणारं उपकरण, यावरच चालतो. गाडीच्या एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर (लॅम्ब्डा सेन्सर) पण याच तत्त्वावर, त्यात यिट्रिया थोडा कमी असतो एवढंच. जेट इंजिनच्या पात्यांवर ७ टक्के वजनाच्या आसपास यिट्रिया असलेला लेप देतात तो मात्र उष्णता अडवण्यासाठी, कारण आतल्या गॅसचं तापमान पात्याचा मिश्रधातू वितळेल त्याच्याही वर असतं.

क्युबिक झिर्कोनिया ओळखायची सोपी खूण म्हणजे वजन, त्याची घनता घनसेंटिमीटरला साधारण ५.६ ते ६ ग्रॅम आणि हिऱ्याची ३.५, म्हणजे सारख्याच आकाराचा खडा हिऱ्यापेक्षा दीडपटीहून जड लागतो. रंगीत चमकही हिऱ्यापेक्षा जास्तच असते.

कमजोर बाजूही सांगायलाच हवी. ३वाय झिर्कोनिया पाण्याच्या आणि वाफेच्या सान्निध्यात हळूहळू म्हातारा होतो, पृष्ठभागावरचे कण आपसूक मोनोक्लिनिक होतात, पृष्ठभाग खडबडीत होतो, बारीक भेगा पडतात, आणि २५० अंशांच्या आसपास हे सगळ्यात वेगाने होतं. शरीराच्या तापमानाला वेग फार कमी असतो, पण घडण नीट नसेल तर तोही पुरतो. २००१ च्या सुमारास एका उत्पादकाने भाजण्याची पद्धत बदलल्यावर काही बॅचमधले कृत्रिम खुब्याचे झिर्कोनिया गोळे पेशंटच्या शरीरात फुटले आणि ते परत मागवावे लागले. तेव्हापासून खुब्यासाठी निव्वळ झिर्कोनिया जवळपास बंदच झाला आणि त्या जागी अल्युमिनात (अल्युमिनियमच्या ऑक्साइडमध्ये) थोडा झिर्कोनिया मिसळलेलं सिरॅमिक आलं.